जोर्व्याचा लाल, मोरबीचा निळा : फरशीवरच्या रंगाची साडेतीन हजार वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा एसटीत बसलोय आणि हेडफोन घरी राहिलाय अशी ज्यांची अवस्था आहे, त्यांच्यासाठी पॉडकास्टच्या नव्या भागाचं हे नेहमीप्रमाणे लिखित रूप.

आज सुरुवात एका प्रयोगाने करू. तुमच्या पायाखाली किंवा बाथरूमच्या भिंतीवर गेल्या दहाएक वर्षांत बसवलेली टाइल असेल, तर मोबाइलचा कॅमेरा तिच्या अगदी जवळ न्या. मॅक्रो मोड असेल तर तो लावा, नसेल तर झूम करा. टॉर्च तिरका धरा. काय दिसतंय? लांबून सागवानी लाकूड किंवा इटालियन मार्बल वाटणारी ती नक्षी जवळून ठिपक्या-ठिपक्यांची झालेली दिसेल. निळसर, तपकिरी, पिवळे, काळे ठिपके. वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून बघितल्यासारखं.

म्हणजे तुमची फरशी ही एक प्रिंटआउट आहे. कागदाऐवजी माती, आणि प्रिंट काढल्यावर बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली.

आता मजेचा भाग. या प्रिंटरला जवळपास सगळं जमतं, पण एक रंग त्याला फार अवघड जातो : झकास, तेजदार लाल. आणि हाच लाल आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या कुंभाराने तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी रोजच्या वाडग्यावर सहज मिळवला होता. हे कसं काय? आजचा भाग याच प्रश्नाभोवती आहे.

संगमनेरजवळचं एक गाव

संगमनेरच्या पूर्वेला, प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत या गावाचं नाव आहे, आणि संगमनेरच्या कॉलेजात शिकणाऱ्या कितीतरी मुलांना ते माहीत नसतं. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, बांगडी मिळाली, आणि मिळाली ती एका खास प्रकारची भांडी. पुढे तशीच भांडी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडत गेली. याच जिल्ह्यात नेवासा आणि दायमाबाद, पुणे जिल्ह्यात इनामगाव. मग त्या सगळ्या काळालाच नाव पडलं : जोर्वे संस्कृती. साधारण इसवी सन पूर्व १४०० पासून पुढचा काळ.

ही भांडी कशी होती? चाकावर घडवलेली, पातळ, लाल. त्यावर काळ्या रंगाने रेघा, जाळ्या, त्रिकोण, तिरक्या पट्ट्या. काही भांड्यांना बाजूला नळीसारखी लांब तोटी. आणि टिचकी मारली की धातूसारखा टणटणीत आवाज. हा आवाज लक्षात ठेवा. माठ घेताना तुमची आजी टिचकी मारून बघते, आणि टाइलच्या दुकानातला माणूस टाइल बोटांवर तोलून तीच टिचकी मारतो. दोघं एकच गोष्ट तपासत असतात : आत तडा नाही ना, आणि माल नीट भाजलाय ना.

आता रंगाकडे या. लाल आला कुठून? मातीत लोह असतं. भट्टीत भरपूर हवा खेळती ठेवून भाजलं की त्या लोहाचा गंजासारखा लाल ऑक्साइड होतो. वेगळा लाल रंग विकत आणायची गरज नाही, तो मातीतच बसलेला असतो. काळ्याची किमया लोह आणि मँगनीज असलेल्या खनिजांत असते. मँगनीजचा काळेपणा हवेशीर भट्टीतही टिकतो. म्हणून लाल जमिनीवर काळी रेघ एकाच भाजणीत मिळते.

इनामगावच्या उत्खननात कुंभाराची गोल भट्टीही सापडली. म्हणजे हे काम चुलीपाशी बसून जाता-जाता केलेलं नव्हतं. आग हाताळणारा कसबी माणूस गावात होता.

लीद, राख आणि 'ॲडिटिव्ह'

'केमिकल ॲडिटिव्ह' म्हटलं की आपल्याला निळे ड्रम आणि कवटीचं चित्र आठवतं. पण मातीत काहीतरी मिसळणं हे कुंभारकामाइतकंच जुनं आहे. आपल्याकडचा कुंभार माती भिजवतो, तुडवतो, खडे काढतो आणि तिच्यात राख किंवा घोड्याची लीद मिसळतो. का? निव्वळ चिकणमाती वाळताना आक्रसते आणि तडकते. लिदीतले बारीक तंतू ओल्या भांड्याला धरून ठेवतात, आणि भट्टीत जळून जाताना बारीक भोकं सोडतात, ज्यातून वाफ बाहेर पडते.

यातली कल्पना नीट पकडा, कारण शेवटपर्यंत ती आपल्याला लागणार आहे. असा पदार्थ घाला जो काम होईपर्यंत मदत करेल आणि आगीत स्वतः नाहीसा होईल. आजच्या टाइल कारखान्यात हेच काम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी, नावाची पांढरी पावडर करते. ग्लेझच्या पाण्यात ती मिसळली की ग्लेझ टाइलला धरून राहतं, भराभर सुकत नाही, प्रिंट काढताना उकलत नाही. भट्टीत गेली की जळून जाते. तुमच्या टाइलमध्ये तिचा मागमूस नसतो. सेल्युलोज म्हणजे झाडाचाच अंश, आणि लिदीतले तंतू म्हणजे घोड्याने खाल्लेल्या गवताचे. तशी दोघांची भावकी लांबची नाही!

निळा रंग दख्खनमध्ये येतो

आता मोठी उडी. जोर्व्याची भांडी सुंदर होती, पण त्यांच्यावर काच नव्हती. टाइल चकचकते ती तिच्यावरच्या काचेच्या पातळ थरामुळे. त्याला ग्लेझ म्हणतात. ही कला आपल्या भागात ठळकपणे दिसते ती बहमनी काळात, आणि ती इराणच्या दिशेने आली.

१३०१ साली इराणमधल्या काशान शहरातल्या अबुल कासिम नावाच्या माणसाने चिनी कामाची कृती लिहून ठेवली. तो नामवंत कुंभार घराण्यातला होता. त्याची कृती अशी : दहा भाग दळलेला पांढरा दगड, म्हणजे गारगोटी, एक भाग दळलेली काच आणि एक भाग पांढरी माती. गंमत बघा, यात माती सगळ्यात कमी आहे! काच आधी वितळवायची, मग दळायची आणि मग मिसळायची. अशा आधी वितळवून दळलेल्या काचेला आज कारखान्यात फ्रिट म्हणतात. मोरबीच्या ट्रकवर फ्रिटची गोणी दिसली तर समजा, सातशे वर्षांपूर्वीची कृती प्रवास करतेय. निळ्यासाठी काशानजवळचं कोबाल्टचं खनिज वापरलं जायचं.

हे काम दख्खनमध्ये बघायचं असेल तर बिदरला जा. महमूद गावानचा १४७२ चा मदरसा, ज्याच्या भिंतींवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. किंवा नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने पुढे दौलताबादला जा. तिथला पंधराव्या शतकातला चांद मिनार एके काळी अशाच चकचकीत फरशांनी मढवलेला होता. किल्ल्यातच वर चिनी महाल आहे. पुढे औरंगजेबाने गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला तिथेच कैदेत ठेवलं. महालाचं नावच फरशांवरून पडलेलं. अहमदनगर वसवणाऱ्या अहमद निजामशहाने १४९९ मध्ये दौलताबाद घेतला, म्हणजे हे निळं काम नगरच्या राज्यातच आलं.

पण लक्षात घ्या, हे काम राजवाड्यापुरतं, मशिदीपुरतं, मिनारापुरतं राहिलं. गावातल्या घरात शेणाने सारवलेली जमीन, पुढे शहाबादी फरशी. चिनी फरशी सामान्य माणसाच्या घरात यायला आणखी एक गोष्ट हवी होती : हातापासून सुटका.

सहा तासांत बाराशे

१७५६. इंग्लंडमधलं लिव्हरपूल. जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी शपथेवर लिहून दिलं की आम्ही सहा तासांत वेगवेगळ्या नक्ष्यांच्या बाराशेहून जास्त टाइल छापल्या. तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यावर शाई, पत्र्यावरून कागदावर, कागदावरून टाइलवर. हाताने ब्रश फिरवणाऱ्याला तेवढ्याच टाइल रंगवायला किती दिवस लागले असते, याचा अंदाज तुम्हीच करा. टाइलवर चित्र 'काढणं' संपून 'छापणं' सुरू झालं, त्याची ही ठळक खूण.

मग १८४० साली रिचर्ड प्रॉसरने पेटंट घेतलं. जवळपास कोरडी, दमट भुकटी झालेली माती साच्यात जोरात दाबायची. त्याच्या डोक्यात होती बटणं. पण हर्बर्ट मिंटन या कारखानदाराने ओळखलं की हीच युक्ती टाइलला लावली तर वाळवण्याचे दिवस वाचतील, आणि तुकडे वाकणार नाहीत. आज जगातला बहुतेक टाइल कारखाना याच तत्त्वावर चालतो. फक्त हाताच्या प्रेसच्या जागी शेकडो-हजारो टनांचा हायड्रॉलिक प्रेस आलाय.

मिंटनच्या टाइल बघायला इंग्लंडला जायची गरज नाही. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, कुलाब्याचं अफगाण चर्च, इथल्या जमिनी बघा. मुंबई नावाचं बंदर होतं, म्हणून जहाजाने टाइल येत होत्या.

इथे एक घोळ टाळू. जुन्या वाड्यांत, मुंबईच्या चाळींत आणि इराणी हॉटेलांत ज्या नक्षीदार फरश्या दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा भाजलेल्या नसतात. त्या सिमेंटच्या, साच्यात रंग ओतून दाबलेल्या. मुंबईत १९२२ मध्ये सुरू झालेली भारत टाइल्स ही कंपनी याच कामासाठी नावाजली. स्वदेशीच्या काळात परदेशी टाइलला तो आपला जबाब होता. पण आपली आजची गोष्ट आगीतून जाणाऱ्या टाइलची आहे, म्हणून सिमेंटचा वेगळा भाग कधीतरी करू.

गणपुले आणि गुजरात

आज संगमनेर असो, राहुरी असो की पाथर्डी, टाइलच्या दुकानात 'माल कुठला?' विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : मोरबी. सौराष्ट्रातलं हे शहर देशातलं टाइलचं सगळ्यात मोठं केंद्र आहे. शेकडो कारखाने एका पट्ट्यात.

पण या पट्ट्यातल्या सुरुवातीच्या प्रकरणात एक मराठी नाव आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. परशुराम गणपुले. मोरबीजवळच्या थानगढला चांगली माती मिळते, हे ओळखून त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात तिथे चिनी मातीचा उद्योग उभा केला. पुढे परशुराम पॉटरी वर्क्सचे कारखाने थानगढ, वांकानेर, मोरबी अशा पट्ट्यात पसरले. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या श्रोत्यांना हे नाव कदाचित वेगळ्या कारणाने आठवेल : आयकराची जुनी प्रकरणं किती वर्षांनी उकरून काढायची, यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल याच कंपनीच्या खटल्यातला आहे.

मोरबीत आधी मंगलोरी पद्धतीची कौलं व्हायची. मग भिंतीच्या टाइल, मग जमिनीच्या, मग विट्रिफाइड. कौलारू घरं कमी होत गेली आणि कौलवाले टाइलवाले झाले.

गुठळी फोडणारं मीठ

आता कारखान्यात शिरू. माती, फेल्डस्पार, गारगोटीची वाळू हे सगळं पाण्यासोबत मोठ्या बॉल मिलमध्ये तासन्‌तास दळलं जातं. तयार होते स्लरी, म्हणजे पातळ चिखल. तो उंच टॉवरमध्ये फवारून गरम हवेने सुकवतात आणि बारीक रवाळ दाणे करतात. याला स्प्रे ड्रायर म्हणतात. हे दाणे प्रेसखाली गेले की टाइल.

अडचण कुठे येते? स्लरीत पाणी जितकं जास्त, तितका ते उडवायला गॅस जास्त. म्हणून मालकाला पाणी कमी हवं. पण पाणी कमी केलं की चिखल घट्ट होतो, पाइपातून वाहत नाही. घरचं उदाहरण घ्या : पिठल्यासाठी बेसन कालवताना पाणी कमी पडलं की गुठळ्या. तुम्ही पाणी वाढवता. कारखान्याला ते परवडत नाही.

म्हणून स्लरीत अगदी थोडं, शंभर किलोमागे अर्धा किलोच्या आसपास, सोडियम सिलिकेट किंवा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट घालतात. मातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म चपट्या चकत्या. पाण्यातल्या कॅल्शियमसारख्या क्षारांमुळे त्या एकमेकींना चिकटून पत्त्यांच्या बंगल्यासारखा सांगाडा करतात, आणि पाणी त्यात अडकतं. सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं, फॉस्फेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. मग चकत्यांवरचे सारखे विद्युतभार एकमेकांना दूर ढकलतात आणि बंगला कोसळतो. अडकलेलं पाणी सुटतं आणि तोच चिखल ताकासारखा वाहू लागतो. पाण्याचा थेंबही न वाढवता!

हे प्रमाण बिघडलं, म्हणजे जास्त घातलं, की चिखल पुन्हा घट्ट. प्रत्येक खाणीची माती वेगळी, प्रत्येक बोअरच्या पाण्यातले क्षार वेगळे. म्हणून कारखान्याच्या लॅबमधली मुलं भोकाच्या कपातून स्लरी किती सेकंदांत गळते ते दर थोड्या वेळाने मोजत बसतात. नक्षी वगैरे पुढची गोष्ट. टाइलचा नफा-तोटा या गळणाऱ्या कपापाशी ठरतो.

जाळी, रूळ आणि मग थेंब

सॅडलरच्या तांब्याच्या पत्र्यानंतर टाइलवर छापायला आली जाळी, म्हणजे स्क्रीन. लग्नाची पत्रिका, टी-शर्ट छापतात तसंच. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. जाळी टाइलवर टेकते, न भाजलेली कच्ची टाइल दाबाने तुटते. जाळी फाटते, रंग सरकतो. नक्षी बदलायची तर लाइन थांबवा.

१९९४ मध्ये इटलीतल्या सिस्टेम या कंपनीने रोटोकलर हे यंत्र आणलं. जाळीच्या जागी सिलिकॉनचे रूळ, त्यावर लेझरने कोरलेली बारीक भोकं. वेग वाढला, दगडासारखी नक्षी जमू लागली. पण रूळ टाइलला टेकायचाच, आणि रुळाच्या घेराइतकीच नक्षी परत-परत यायची.

२००० साली स्पेनमधल्या केराजेट या कंपनीने टाइलसाठीचा इंकजेट प्रिंटर बाजारात आणला. फेरो ही जुनी रंग-फ्रिटवाली कंपनी शाईसाठी सोबत होती. आता काहीही टेकत नाही. टाइल पट्ट्यावरून धावते, वरून पिकोलिटरमध्ये मोजायचे थेंब पडतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. खडबडीत पृष्ठभागावर, अगदी काठापर्यंत छपाई. नक्षी म्हणजे फक्त फाइल. २०१० नंतरच्या वर्षांत मोरबीत हे प्रिंटर झपाट्याने आले, आणि आपल्या तालुक्याच्या दुकानांत 'वूडन फिनिश' आणि 'बुकमॅच'चे बोर्ड लागले.

खरं कठीण काम यंत्राचं नव्हतं, शाईचं होतं. तुमच्या घरच्या प्रिंटरची शाई बाराशे अंशांत वाफ होऊन जाईल. टाइलच्या शाईत रंग म्हणजे दगडच, धातूंच्या ऑक्साइडपासून बनवलेले रंगीत स्फटिक. ते एक मायक्रॉनपेक्षा बारीक दळायचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागापेक्षाही बारीक. मोठा कण राहिला तर नोझल तुंबतो, आणि हजारो टाइलवर एकच सरळ पांढरी रेघ येते. जड कण शाईत तळाला बसू नयेत म्हणून डिस्पर्संट घालायचं, शाई सतत फिरती ठेवायची. डिस्पर्संटचं काम काय? कणांना एकमेकांपासून दूर ठेवणं. म्हणजे स्लरीत फॉस्फेट करतं तेच, फक्त इथे सगळं कितीतरी पटीने नाजूक.

तर लाल का अडतो?

आता आपण मूळ प्रश्नाकडे येतो.

जोर्व्याच्या कुंभाराचा लाल म्हणजे लोहाचा ऑक्साइड. त्याचं भांडं आजच्या टाइलपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेत भाजलेलं होतं आणि त्यावर काच नव्हती. म्हणून लाल टिकला. तोच ऑक्साइड आजच्या ग्लेझवर टाकून बाराशे अंशांना नेला, तर वितळलेल्या काचेत तो साखरेसारखा विरघळतो. लाल संपतो, उरतो तपकिरी.

मग शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. रंगाला झिरकॉन नावाच्या टणक स्फटिकात कोंडायचं. झिरकॉन काचेत सहजी विरघळत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत झिरकॉन-व्हॅनेडियम निळ्याचं पेटंट निघालं, पुढे प्रेझिओडिमियमचा पिवळा आला, आणि लोह कोंडून केलेला गुलाबीसर रंग. तेजदार लालासाठी कॅडमियम-सेलेनियमचे कण झिरकॉनच्या कवचात बंद करतात. जाळीने छापताना हा रंग चालतो, कारण तिथे कण जाड असले तरी भागतं.

इंकजेटला मात्र एक मायक्रॉनपेक्षा बारीक कण लागतो. तेवढं दळायला गेलं की कवच फुटतं, आतला रंग उघडा पडतो, भट्टीत मरतो. कोंडलेला गुलाबीही दळला की फिका होतो. म्हणून आपल्या घरच्या प्रिंटरमध्ये जिथे किरमिजी शाई असते, तिथे टाइलच्या प्रिंटरमध्ये सहसा तपकिरी असते. निळ्याची मात्र चिंता नाही. कोबाल्ट आणि ॲल्युमिनियमचा निळा स्फटिक दळणही सोसतो, आगही सोसतो. काशानला टिकला, दौलताबादेत टिकला, मोरबीतही टिकतो.

आता दुकानात चक्कर मारा. बेज, राखाडी, लाकडी, सिमेंटसारखं, संगमरवरासारखं. फॅशन आहेच, पण हा निव्वळ योगायोग नाही. या शाया एकत्र करून जे रंग उत्तम येतात, ते नेमके माती, लाकूड आणि दगडाचेच आहेत. तुमच्या हॉलचा रंग तुम्ही निवडला, इंटिरियरवाल्याने निवडला, आणि थोडासा भट्टीनेही निवडला.

चकचकीत नसलेली बाजू

इथे थांबलो तर ही एका हुशार यंत्राची जाहिरात होईल. तसं नको.

टाइल स्वस्त झाली, हे खरंच मोठं काम झालं. ज्या घरात बाथरूमच नव्हतं तिथे आज धुता येणारी भिंत आहे. पाहुणे आल्यावर आईला ओशाळं वाटत नाही, याची किंमत कमी समजू नका. पण हा स्वस्तपणा कोणीतरी कुठेतरी भरलेला आहे.

मोरबीत अनेक वर्षं कोळशापासून गॅस बनवणारी गॅसिफायर यंत्रं चालत होती. कोळसा स्वस्त पडायचा, पण मागे राहायचं डांबर आणि विषारी सांडपाणी. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथले कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले. कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. स्लरीतलं पाणी कमी करणारं ते चिमूटभर मीठ इतकं महत्त्वाचं का, हे आता तुम्हाला कळलं असेल. महागडा गॅस जळतो तो मोठ्या प्रमाणात पाणी उडवण्यासाठीही.

दुसरी गोष्ट धुळीची. अबुल कासिमच्या कृतीत दहा भाग गारगोटी होती. आजच्या टाइलच्या मातीतही गारगोटी असतेच. तिची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की फुप्फुसांत कायमचे चट्टे पडतात. आजाराचं नाव सिलिकोसिस. यातून पूर्ण बरं करणारा उपचार नाही, फक्त आधी टाळणं शक्य आहे. थानगढ-मोरबीच्या पट्ट्यातल्या कामगारांची ही जुनी व्यथा आहे. प्रिंटर अत्याधुनिक झाला म्हणून दळणाच्या आणि प्रेसच्या खात्यातली धूळ आपोआप कमी होत नाही. तिथे पाण्याची फवारणी, धूळ ओढणारी यंत्रं आणि नियमित छातीची तपासणी लागते. आणि तेवढा खर्च करायची मालकाची तयारी लागते.

तिसरी गोष्ट निळ्याची. त्या भरवशाच्या निळ्यातलं कोबाल्ट आज जगात निम्म्याहून जास्त येतं ते आफ्रिकेतल्या काँगोमधून, जिथल्या काही खाणींत लहान मुलं राबत असल्याचं वारंवार समोर आलं आहे. तुमच्या मोबाइलच्या बॅटरीतही ते असतं, म्हणजे टाइलचे ठिपके ज्या कॅमेऱ्याने बघितले, त्या फोनमध्येही.

आणि चौथी गोष्ट हाताची. दायमाबादच्या किंवा जोर्व्याच्या वाडग्यावरच्या जाळीतली रेघ बघितली तर ती कुठे जाड, कुठे बारीक, एखादी थोडी सुटलेली. कारण ती कोणीतरी काढली होती. सॅडलरने तो फरक पुसला, जाळीने आणखी पुसला, रुळाने पार संपवला. आणि आता? एकाच नक्षीच्या टाइल शेजारी-शेजारी बसल्या की लाकडाची तीच गाठ सगळीकडे दिसते आणि खोटेपणा उघडा पडतो. म्हणून डिझाइनर मंडळी मुद्दाम एकाच डिझाइनचे वीस-तीस वेगवेगळे चेहरे बनवतात. दुकानदार त्याला 'रँडम' म्हणतो आणि त्याचे थोडे जास्त पैसे घेतो. जो फरक कुंभाराच्या मनगटातून फुकट येत होता, तो आता फाइलमध्ये विकत घालावा लागतो.

मला वाटतं, टाइलच्या इतिहासातून घ्यायचं ते हे. पत्रा, जाळी, रूळ, थेंब, प्रत्येक पायरीवर हात लांब गेला. पण आग कोणालाच टाळता आली नाही. जोर्व्याच्या कुंभाराने जो करार आगीशी केला होता, की ती जे टिकू देईल तेच रंग आपले, तोच करार आज स्पेनचा इंजिनियर आणि मोरबीचा लॅब असिस्टंट पाळतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोट्यवधी रंग आहेत. भट्टीतून बाहेर येतात त्यातले मोजकेच.

जाता जाता

आता तुमच्यासाठी दोन कामं. एक, घरच्या टाइलचा झूम केलेला फोटो काढा आणि ठिपक्यांत कोणते रंग दिसतात ते मोजा. तेजदार लाल सापडला तर तो फोटो आम्हाला नक्की पाठवा. दोन, पुण्याला गेलात तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे भांडी बघा, आणि संगमनेरकर असाल तर एखाद्या रविवारी जोर्व्याला चक्कर मारा. नदीकाठी खापर दिसलं तर फोटो काढा, उचलून मात्र आणू नका. ते जिथे पडलंय, तिथेच त्याचा अर्थ आहे.

आणि घरात टाइल बसवायचं चाललं असेल, तर दुकानात चार प्रश्न विचारा : किती चेहऱ्यांचं रँडम आहे, पाणी किती शोषते, घसरते का, आणि सगळी खोकी एकाच बॅचची आहेत का? शेवटचा प्रश्न विसरू नका. भट्टी दोन दिवस सारखी वागत नाही, आणि दोन बॅचमधला फरक फरशी बसवल्यावरच दिसतो.

भाग आवडला तर ज्यांच्या घरी गवंडी काम चालू आहे अशा एका तरी मित्राला पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, ऐकत रहा, वाचत रहा!